सोडा लेकच्या काठावर: गाडीच्या वाटेने जिओकॅश निवडण्याचं एक प्रकरण

"आत्या, टेरेन पाच निवडलं की झालं ना? सगळ्यांत अवघड रस्ते तिथेच असणार."

भाचीचा हा प्रश्न जानेवारीतल्या एका रविवारी जेवताना आला आणि पुढचे पाच आठवडे आमच्या घरी मुक्कामालाच राहिला. ती बारा वर्षांची आहे. तिच्यामुळे आम्ही सगळे जिओकॅशिंगला, म्हणजे जीपीएसने लपवलेले डबे शोधण्याच्या खेळाला लागलो. दादाकडे जीप रँग्लर आहे, आमच्याकडे जुनी टोयोटा फोररनर. दोन्ही गाड्यांना लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर आहे, दोन्हींचं पोट जमिनीपासून बऱ्यापैकी वर आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात राहायचं आणि वाळवंट तीन तासांवर असताना अशा गाड्या फक्त वाणसामानाला न्यायच्या, याचं दादाला फार वाईट वाटतं. फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेची सलग तीन दिवसांची सुट्टी होती. ठरलं असं, की गाडी चालवण्यातच खरा आनंद मिळेल असे कॅश निवडायचे आणि दोन रात्री बाहेर काढायच्या.

ती निवड कशी केली, कुठे बरोबर ठरली आणि कुठे सपशेल चुकली, हे सगळं इथे मांडते आहे. महाराष्ट्रात थार किंवा जिमनी घेऊन घाटवाटांना जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल असं मला वाटतं, जरी तिकडे कॅश फार विरळ असले तरी.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीचे जीपीएस घेऊन तो शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा होता तसा ठेवून परततात. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. त्याआधी शंभर मीटरपर्यंत फसवणारं यंत्र एकाएकी खोलीच्या दारापर्यंत नेऊ लागलं. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली पुरून ठेवली. तो पहिला कॅश.

पहिली यादी

प्रत्येक कॅशला दोन आकडे असतात. डी म्हणजे डिफिकल्टी, शोधायला किती अवघड. टी म्हणजे टेरेन, तिथवर पोहोचायला किती अवघड. दोन्ही एकपासून पाचपर्यंत, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने. टी एक म्हणजे व्हीलचेअरवरून जाता येईल अशी जागा. टी पाच म्हणजे काहीतरी खास साधन हवंच.

भाचीने टी साडेचार आणि पाच एवढेच ठेवून नकाशा उघडला. ठिपके भरपूर आले आणि त्यातले बहुतेक निरुपयोगी निघाले. एक धरणाच्या पाण्यातल्या बेटावर, त्याला होडी लागते. एक उंच झाडाच्या शेंड्याला बांधलेला. एक कड्यावर, दोर लावून उतरायचा. खास साधन म्हणजे गाडीच, असं आम्ही मनात धरलं होतं. कॅश ठेवणाऱ्याने तसं कुठेच म्हटलेलं नसतं.

उलट बाजूने पाहिलं तर घोळ आणखी वाढला. डब्याशेजारी गाडी उभी करता येते, चार पावलं चालायचं आहे, म्हणून काही जण टी दीड देतात. त्या चार पावलांआधी तीस किलोमीटर दगडगोटे आणि वाळू आहे, हे त्या आकड्यात येत नाही. दुसरा कुणी तसलाच रस्ता धरून साडेतीन देतो. दोघांनीही प्रामाणिकपणेच आकडा दिलेला असतो. एकाने मोजायला गाडीच्या दारापासून सुरुवात केली, दुसऱ्याने घराच्या दारापासून.

मग आम्ही गुणचिन्हांकडे वळलो. कॅशच्या पानावर छोटी चित्रं असतात: कुत्रा चालेल, रात्री जाता येईल, घोडा चालेल. त्यात ऑफ-रोड गाडीचंही एक चित्र आहे. पण त्या चित्रातून गाडी लागते की नुसती चालते, ते कळत नाही. आणि जुन्या, म्हणजे आम्हाला सगळ्यांत हव्या असलेल्या कॅशपैकी बऱ्याच ठिकाणी मालकाने चित्रं लावलेलीच नसतात. चिन्हावर गाळणी लावली की चांगले गाळले जातात आणि सोपे हाती राहतात.

या टप्प्यावर भाचीला नेवाडातला एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे सापडला. राज्य मार्ग ३७५, रेचेल नावाच्या इवल्याशा वस्तीजवळचा. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं असा खेळाचा नियम आहे, आणि तिथे नेमक्या तेवढ्याच अंतरावर ओळीने हजाराहून जास्त डबे मांडलेले. "आत्या, दोन दिवसांत पाचशे!" तिचे डोळे चमकत होते. मला ते मोडवेना, पण दादाने शांतपणे विचारलं, "रस्ता डांबरी आहे ना?" आहे. दर १६१ मीटरला गाडी थांबवायची, उतरायचं, सही करायची, पुन्हा चढायचं. आकडा मोठा झाला असता. गाडीला मात्र त्यात काहीच करायचं नव्हतं.

आधी रस्ता

आमचं पाऊल योग्य दिशेला पडलं ते इथे, आणि त्याचं श्रेय माझ्या वहिनीचं. ती म्हणाली, "तुम्ही ठिपके निवडताय आणि मग त्यांना जोडताय. आधी चालवायचा रस्ता ठरवा. त्याच्या कडेला काय आहे ते नंतर बघा."

ऐकायला साधं वाटतं. पण कॅशवरून रस्त्याकडे गेलं की प्रत्येक ठिपक्यासाठी वेगळी चौकशी करावी लागते. रस्त्यावरून कॅशकडे आलं की एकाच रस्त्याचा नीट अभ्यास होतो आणि सगळे ठिपके त्यात बसतात.

आम्ही मोहावी रोडचा पश्चिमेकडचा भाग निवडला. हा मूळचा मोहावी जमातीच्या लोकांचा पायरस्ता, कोलोरॅडो नदीकडून पाण्याच्या एका झऱ्यावरून दुसऱ्या झऱ्याकडे जाणारा. पुढे त्यावरून लष्कर आणि टपालाच्या गाड्या गेल्या. आज सुमारे २२० किलोमीटरची ती कच्ची वाट आहे. कुठे वाळू, कुठे ज्वालामुखीचे दगड, कुठे कोरडं तळं, शेवटी नदी. अख्खा रस्ता करायला आमच्याकडे दिवस नव्हते, म्हणून सीमा (Cima) नावाच्या वस्तीजवळून वाटेवर उतरायचं आणि ऍफ्टन कॅन्यनला बाहेर पडायचं, असं ठरलं.

रस्त्याची रेघ नकाशावर ओढून तिच्या दोन्ही बाजूंचा पट्टा मागवता येतो. खेळाच्या साइटच्या सशुल्क सदस्यांना एका वेळी हजार कॅशची यादी फाइल म्हणून मिळते. ती फाइल आम्ही ऑफलाइन नकाशात टाकली आणि खाली जमिनीच्या मालकीचा थर लावला. माझ्या मते सगळ्या तयारीतली ही सगळ्यांत मोलाची दहा मिनिटं होती. ठिपके आपोआप गटांत पडले.

आमच्या वाटेचा पूर्वेकडचा भाग मोहावी नॅशनल प्रिझर्व्हमध्ये येतो. हे क्षेत्र १९९४ च्या कायद्याने नॅशनल पार्क सर्व्हिसकडे गेलं. या खात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय डबा ठेवता येत नाही. म्हणून तिथे शोधायचे ते व्हर्च्युअल आणि अर्थकॅश. दोन्हींत डबा नसतो. अर्थकॅशमध्ये जागेचं भूशास्त्र डोळ्यांनी पाहायचं, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मालकाला पाठवायची. जिओलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकाच्या पुढाकाराने २००४ मध्ये ही पद्धत सुरू झाली. प्रिझर्व्हचा जवळपास निम्मा भाग वाइल्डरनेस, म्हणजे कायद्याने राखलेलं रान आहे, तिथे चाकालाच बंदी. पश्चिमेकडचा भाग मात्र ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा, ज्याला सगळे बीएलएम म्हणतात. तिथे वाइल्डरनेस सोडून डबे ठेवायला सर्वसाधारणपणे हरकत नसते. त्यातच रेझर नावाचा वाळूचा खुला प्रदेश आहे, जिथे गाडी कुठेही नेता येते. त्याला लागून ऍफ्टन कॅन्यन, जिथे फक्त आखलेल्या वाटांवरूनच जायचं.

म्हणजे एकाच रस्त्यावर तीन प्रकारचे नियम. यादीतला ठिपका कुठल्या जमिनीवर आहे हे पाहिलं नसतं, तर आम्ही डबा नसलेल्या जागी डबा शोधत बसलो असतो, किंवा त्याहून वाईट, चाक न्यायचं नाही तिथे नेलं असतं.

हे दुसरं फार सहज घडतं. जीपीएसचा बाण सरळ रेषेत दाखवतो. "तीनशे मीटर" वाचलं की हात आपोआप स्टिअरिंग वळवायला लागतो. मी काही जुन्या कॅशजवळ वाटेपासून फुटलेले चाकांचे माग पाहिले आहेत, आणि ते पाहून खरोखर जीव तुटतो. १९४२ ते १९४४ या काळात जनरल पॅटन यांनी उभारलेल्या प्रशिक्षण केंद्रात या वाळवंटात रणगाडे फिरले. त्यांच्या खुणा काही ठिकाणी अजून दिसतात. ऐंशी वर्षं झाली. वाळवंटाची वरची पापडी एकदा फुटली की ती आपल्या हयातीत भरून येत नाही. म्हणून आमच्या गाडीत नियम असा: चालवताना पडद्यावर बाण दिसताच कामा नये, फक्त वाटेची रेघ. बाण उघडायचा तो गाडी बंद करून खाली उतरल्यावर.

नोंदी वाचणं

आता उरलेल्या ठिपक्यांपैकी कुठले घ्यायचे? त्यासाठी आम्ही लॉग वाचले, म्हणजे आधी आलेल्यांनी लिहिलेल्या नोंदी. भाचीने यात इतकं बारकाईने काम केलं की मी थक्क झाले.

ती नोंदींमध्ये गाडीचं नाव शोधते. "सुबारूने आलो" असं असेल तर वाट सौम्य. "लो रेंज लावावी लागली" असेल तर खूण. "रंगावर रेघा पडल्या" म्हणजे दोन्ही बाजूंनी झुडपं घासणारी अरुंद वाट. फोटोत ती डबा बघतच नाही, मागची जमीन बघते. आणि एक युक्ती तिने स्वतः शोधून काढली. एकाच माणसाने एकाच दिवशी लागोपाठच्या कॅशवर नोंदी केल्या असतील, आणि त्यात वेळ लिहिली असेल, तर दोन ठिकाणांमधलं अंतर भागिले वेळ काढायचं. ताशी पस्तीस किलोमीटर आलं तर रस्ता बरा. ताशी आठ आलं तर जेवणाचा डबा हाताशी ठेवा. आम्ही दिवसाचं अंतर या हिशेबाने ठरवलं आणि तो हिशेब आश्चर्य वाटावं इतका बरोबर निघाला.

ज्यांच्या पानावर "इथे गाडी लावा" अशी वेगळी खूण होती आणि ती खूण डब्यापासून दोन-तीन किलोमीटर लांब होती, ते आम्ही काढून टाकले. ते चालणाऱ्यांचे कॅश आहेत, चांगले आहेत, पण आमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हेत. लागोपाठ चार-पाच जणांना न सापडलेलेही काढले. शेवटी चौदा उरले. भाचीने त्यांना रंग दिले: हिरवा म्हणजे थांबायचंच, पिवळा म्हणजे वेळ असेल तर.

सगळ्यांत गडद हिरवा रंग होता सोडा लेकला. या कोरड्या तळ्याच्या मधोमध, वाटेवरच, दगडांचा एक ढीग आहे. ट्रॅव्हलर्स मॉन्युमेंट म्हणतात. येणाऱ्या प्रत्येकाने बाहेरून एक दगड आणून त्यात टाकायचा. ढिगाच्या माथ्यावर एक पाटी आहे आणि तिच्यावर काय लिहिलं आहे ते न आलेल्यांना सांगायचं नाही, असा रिवाज. भाचीने घराच्या अंगणातून एक दगड निवडून, धुऊन, त्यावर तारीख घालून तयार ठेवला होता. त्या थांब्याचं टेरेन होतं दीड. सपाट जमीन, गाडीपासून चार पावलं.

पहिला दिवस

शनिवारी आय-१५ हायवेवरून सीमा रोडने आत शिरलो. दोन्ही बाजूंना जळालेली जोशुआ झाडं उभी. ऑगस्ट २०२० मध्ये वीज पडून लागलेल्या डोम फायरमध्ये इथली अंदाजे तेरा लाख झाडं गेली. गाडीत कुणी बोललं नाही.

कच्च्या वाटेच्या तोंडाशी चाकांतली हवा कमी केली, पस्तीसवरून बावीस पीएसआय. वॉशबोर्डवर, म्हणजे त्या सततच्या आडव्या वळ्यांवर, याने गाडी आणि पाठीचा कणा दोन्ही वाचतात. दोन गाड्यांत धुळीएवढं अंतर, हातात वॉकीटॉकी. फोनला रेंज नाहीच. आमच्याकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र होतं. इथे ते मी कुणालाही घ्यायला सांगेन, पण भारतात येताना मात्र ते सामानात टाकू नका. तिकडे परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं बेकायदा आहे, आणि गोव्यासह काही विमानतळांवर परदेशी प्रवासी यावरून अडचणीत आले आहेत.

मोहावी मेलबॉक्सपाशी पहिला मोठा थांबा. उजाड माळावर झेंड्याचा खांब, टपालपेटी, आत नोंदवही, आणि मागे लोकांनी आणून ठेवलेल्या बेडकांच्या आणि बुटक्यांच्या मूर्तींची जत्रा. कुणी, कधी, कुठल्या गाडीने गेलं हे सगळं त्या वहीत. भाची म्हणाली, "हा तर जीपीएसच्या आधीचा कॅश आहे." मला तिचं म्हणणं पटलं. आम्ही मागची चार-पाच पानं चाळली, नावं वाचली, हसलो, सही केली आणि निघालो. पुढे जे झालं त्याचं उत्तर कदाचित त्याच पानांत होतं. आम्ही नावं वाचली, दिशा वाचली नाही: पश्चिमेकडून कोण आलंय का?

मेलबॉक्सनंतर वाट वाळूत शिरली. फोर-हाय, म्हणजे चारही चाकांना जोर, दुसरा गिअर, पाय स्थिर, मध्ये थांबायचं नाही. नवरा इतका वेळ नकाशा धरून बसला होता. वाळू संपल्यावर त्याने पहिल्यांदा श्वास सोडला. दुपारी एकेन माइन रोडने लाव्हा ट्यूबला, म्हणजे लाव्हा वाहून गेल्यावर उरलेल्या बोगद्याला गेलो. लोखंडी शिडीने खाली उतरायचं, पुढे वाकून जायचं, आणि मग छतातल्या भोकातून पडणारा उन्हाचा झोत. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा काळा बेसॉल्ट घरचाच वाटतो. फक्त आपला दगड साडेसहा कोटी वर्षांचा, आणि इथल्या ज्वालामुखींचा सर्वांत ताजा थर जेमतेम दहा-बारा हजार वर्षांचा. हाताला तो अजून धारदार लागतो. दादा भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभा होता.

रात्री आधीच वापरात असलेल्या जागी तंबू टाकले. नियम तसाच आहे. वहिनीने पिठलं केलं. थंडी होती, आकाश स्वच्छ होतं, आणि त्या दिवसाच्या सातपैकी सहा थांबे झाले होते. आमची पद्धत बरोबर आहे, असं त्या रात्री आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

तळं

सकाळी निघताना भाचीने नेहमीप्रमाणे दोन्ही गाड्यांच्या खाली वाकून पाहिलं. इथलं वाळवंटी कासव १९९० पासून संरक्षित आहे आणि सावलीसाठी ते गाडीखाली येऊन बसतं. हिवाळ्यात सहसा बिळातच असतं, पण सवय मोडू नये.

केलबेकर रोड ओलांडून सतरामैल टोकाला वळसा घालून उतारावर आलो आणि समोर पांढरं शुभ्र सोडा लेक पसरलं. लांबून कोरडंठणठणीत. वाट सरळ आत जात होती, मागची चाकं नीट उमटलेली. मी पुढे होते. दादा काठावर थांबला. पहिली गाडी पलीकडे पोहोचल्याशिवाय दुसरीने निघायचं नाही, हे ठरलेलं.

शे-दीडशे मीटरवर आवाज बदलला. करकर थांबली आणि चिखलात चप्पल ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मी ब्रेक लावला, आणि तीच चूक झाली की शहाणपण, यावर आमचं अजून एकमत नाही. पुढची दोन्ही चाकं पापडी फोडून खाली बसली. दार उघडून पाहिलं: वर नखाएवढा पांढरा थर, खाली तपकिरी, ओला, लोण्यासारखा चिखल.

सोडा लेक हे मोहावी नदीचं शेवटचं ठिकाण. नदी बहुतेक ठिकाणी वाळूखालून वाहते आणि इथे येऊन संपते. पाणी वर दिसत नसलं तरी जमिनीखाली असतं. ऊन आणि वारा वरचा थर वाळवतात, मीठ त्याला पांढरा रंग देतं आणि डोळ्यांना वाटतं सगळं वाळलं. जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला किनाऱ्यावर चांगला पाऊस झाला होता. आम्ही हवामान पाहिलं होतं, पण येणाऱ्या तीन दिवसांचं. ते स्वच्छ ऊन होतं. गेल्या तीन आठवड्यांचं कुणी पाहिलंच नाही.

गाडी बाहेर काढायला पाऊण तास लागला. सगळे उतरले. चाकांची हवा पंधरावर आणली. हाताने आणि फावड्याने मागच्या बाजूला उतार केला. दादाने जीप आमच्याच मागांवरून, घट्ट जमीन संपते तिथपर्यंतच उलटी आणली आणि ताणाचे दोन दोर एकमेकांना जोडून आमच्या मागच्या हुकाला बांधला. मुलं आणि वहिनी दोराच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर. दोर तुटला तर तो गोळीसारखा येतो, यात कुणाचीही भीड ठेवायची नाही. दुसऱ्या ओढीला गाडी सुटली.

मागे दोन खोल चर राहिले. आम्ही ते बुजवले, जमतील तेवढे. पण बुजवलेला चर आणि न उमटलेला चर यांत फरक असतो, आणि तिथे उभं राहून मला तो फार लागला.

ढीग दुर्बिणीतून दिसत होता. भाचीच्या हातात दगड होता. ती म्हणाली, "चालत जाऊ या?" नवऱ्याने तिला घोट्यापर्यंत रुतणारं स्वतःचं पाऊल दाखवलं. ती काही बोलली नाही.

नोंदींत काय होतं

परत केलबेकर रोड, बेकर गाव, पेट्रोल, आय-१५ आणि ऍफ्टनच्या फाट्याने दुसऱ्या बाजूने कॅन्यनमध्ये, असा वळसा घेतला. बेकरला रेंज आली तेव्हा भाचीने तळ्यावरच्या त्या थांब्याच्या नोंदी पुन्हा उघडल्या, या वेळी तारखांकडे बघत.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये नोंदी दाट होत्या. "टेबलासारखं सपाट", "साध्या गाडीनेही जमेल". थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीपर्यंत अशाच. त्यानंतर एकही नाही. नाताळात नाही, नव्या वर्षात नाही, जानेवारीतल्या लाँग वीकेंडलाही नाही. मेलबॉक्सकडच्या आणि लाव्हा ट्यूबकडच्या नोंदी मात्र त्याच काळात चालू होत्या. म्हणजे माणसं रस्त्यावर येत होती आणि तळ्यापाशी मागे फिरत होती. मागे फिरलेला माणूस बहुधा काही लिहीत नाही. त्याला वाटतं, आपण पोहोचलोच नाही तर नोंद कशाची करायची.

घरी बसून वाचताना या रिकाम्या जागेचा अर्थ आम्ही "तक्रार नाही" असा लावला होता. त्याच मोसमात शेजारच्या कॅशना भेटी होत असताना एखादा गप्प झाला असेल, तर ते गप्प होणंच सगळ्यांत महत्त्वाची नोंद आहे. टेरेन दीड खोटं नव्हतं. ते ऑक्टोबरचं होतं. कॅश ठेवला त्या दिवसाची जमीन त्या आकड्यात गोठलेली असते.

आणखी एक गोष्ट. प्रिझर्व्हच्या कार्यालयाला एक फोन केला असता तर तळ्याची स्थिती कळली असती. वेळ होता, नंबर होता. पाच आठवडे आम्ही शोधणाऱ्यांचं लिहिलेलं वाचत राहिलो आणि ती जमीन रोज पाहणाऱ्यांना विचारलं नाही.

ऍफ्टनला संध्याकाळी पोहोचलो. इथे मोहावी नदी जमिनीवर येते. वाळवंटाच्या मध्यावर वाहतं पाणी, वेळू, पक्षी, वरून मालगाडीचा लोखंडी पूल. वाट नदीतून जाते. या वेळी मी आधी पँट वर करून काठी घेऊन चालत गेले. मांडीच्या वर पाणी. दादाची जीप कदाचित गेली असती. आमची फोररनर नसती गेली. आम्ही अलीकडेच राहिलो, सोमवारी सकाळी रेझरच्या वाळूत दोन तास मनसोक्त चालवलं, तिथल्या बाजूचे तीन डबे मिळाले. त्यातला एक लष्करी दारूगोळ्याचा हिरवा लोखंडी डबा, ज्याच्या झाकणाचा खटका उघडताना होणारा आवाज भाचीला जगातला सर्वांत आवडता आवाज आहे. चौदापैकी दहा.

आता यादी कशी करतो

रस्ता आधी, मग जमिनीची मालकी, मग नोंदी, हा क्रम तोच ठेवला आहे. तो बरोबरच होता. बदललं ते नोंदी वाचणं. भाचीच्या तक्त्यात आता प्रत्येक कॅशपुढे शेवटच्या नोंदीची तारीख आहे आणि शेजारच्या दोन कॅशची तारीखही. तीनही तारखा जवळजवळ असतील तर ठीक. एकच मागे पडली असेल तर लाल. वाट तळ्यातून, ओढ्यातून किंवा चिकणमातीतून जात असेल तर मागच्या तीस दिवसांचा पाऊस बघितल्याशिवाय हिरवा रंग नाही. आणि निघायच्या दोन दिवस आधी जमीन ज्या खात्याची, त्यांना फोन. तो माझ्याकडे.

मनापासून सांगावंसं वाटतं ते एवढंच, की न पोहोचलात तरी लिहा. सापडला नाही असं लिहायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. पण आमच्या आधी डिसेंबरात मागे फिरलेल्या एकाने दोन ओळी टाकल्या असत्या तर ते दोन चर तळ्यावर उमटले नसते.

भाचीने त्याच रात्री ऍफ्टनला शेकोटीशेजारी बसून नोंद तयार केली आणि घरी आल्यावर टाकली. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते: "फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा रविवार. पूर्वेकडून आलो. दोन गाड्या, फोर-व्हील-ड्राइव्ह, चाकांत २२ पीएसआय. काठापासून साधारण १५० मीटरवर पापडी फुटते, खाली ओला चिखल, पुढची चाकं रुतली. दिसायला पूर्ण कोरडं दिसतं, विश्वास ठेवू नका. पश्चिमेकडून कुणी आलेलं दिसलं नाही. आम्ही बेकरवरून वळसा घेतला. चुकून आमचे माग आत दिसले तर त्यांच्या मागे जाऊ नका, ते पुढे कुठेही जात नाहीत. पाटी वाचायची राहिली."

दगड आमच्या गाडीच्या दाराच्या कप्प्यात आहे. तिने त्यावरची तारीख खोडलेली नाही, खाली दुसरीसाठी जागा सोडली आहे.